गंजकं हेल्मेट महाग, चकचकीत हेल्मेट स्वस्त. असं का?

जुन्या लष्करी वस्तूंच्या लिलावाची यादी पहिल्यांदा चाळणारा माणूस एका ठिकाणी हमखास अडखळतो. एकाच देशाची, एकाच युद्धातली, एकाच साच्यातून निघालेली दोन हेल्मेटं शेजारीशेजारी असतात. एकाचा रंग जागोजागी उडालेला, काठाला गंज, आतलं चामडं घामाने काळं पडलेलं. दुसरं नव्यासारखं लख्ख. आणि किंमत बघावी तर गंजक्याची लख्खपेक्षा कितीतरी जास्त. छापताना आकडे इकडचे तिकडे झाले असतील असं वाटतं. तसं काही झालेलं नसतं.

घोळ होतो तो 'चांगली अवस्था' या शब्दांवरून. गाडी, कपाट किंवा मोबाइल विकत घेताना आपण हे शब्द ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ इथे चालत नाही. इथे वस्तू किती नवी दिसते याला जवळपास किंमतच नाही. कारखान्यातून निघाल्यापासून तिच्यावर जे जे घडलं, त्याच्या किती खुणा अजून जागच्या जागी आहेत, ते बघायचं असतं.

आधी वस्तू समजून घेऊ

1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लढणाऱ्या पायदळांच्या डोक्यावर पोलाद नव्हतंच. फ्रेंच सैनिक कापडी टोपी घालत. जर्मन सैनिकांकडे होतं 'पिकेलहाउबे', म्हणजे उकळून घट्ट केलेल्या चामड्याचं, वर धातूची अणी असलेलं हेल्मेट. प्रशियात ते 1842 पासून चालत आलं होतं. दिसायला रुबाबदार, पण तोफेच्या गोळ्याच्या तुकड्यापुढे निरुपयोगी.

खंदकात उतरल्यावर सैनिकाचं धड जमिनीखाली आणि डोकं वर, आणि वर आकाशात फुटणारे तोफगोळे. डोक्याच्या जखमांनी माणसं मरू लागली, तेव्हा फ्रेंच अधिकारी ऑग्युस्त-लुई आद्रियाँ यांनी आधी टोपीखाली घालायची पोलादी वाटी आणि मग 1915 मध्ये पूर्ण हेल्मेट आणलं. त्याच वर्षी जॉन ब्रोडी यांनी लंडनमध्ये पसरट ताटलीसारख्या हेल्मेटचं पेटंट घेतलं. जर्मनीत फ्रीडरिश श्वेर्ट यांच्या आराखड्यावरून मान आणि कान झाकणारं हेल्मेट 1916 मध्ये वर्दंच्या लढाईत दिसू लागलं. आज जमवली जाणारी बहुतेक पोलादी हेल्मेटं या तिघांपैकी कुणाच्या तरी घराण्यातली असतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, पुढे कामाला येईल. ही हेल्मेटं रायफलची थेट गोळी अडवायला केलेली नव्हती. वरून पडणारे तुकडे आणि छर्रे अडवणं एवढंच त्यांचं काम.

प्रत्येक हेल्मेटचे मुख्य भाग तीन. बाहेरचं पोलादी कवच म्हणजे शेल. आतलं चामड्याचं किंवा कापडाचं, डोक्याला टेकणारं अस्तर म्हणजे लायनर. आणि हनुवटीखालचा पट्टा. काहींच्या बाजूला डेकल असतं, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चिन्ह. संग्राहकांच्या बोलीतले एवढे तीनचार शब्द पुरतात.

मग अवस्था मोजायची कशी?

समजा आजोबांची जुनी वही सापडली. शाई फिकटली आहे, काही अक्षरं लागत नाहीत. नातवाने प्रेमाने बसून सगळी वही नव्या बॉलपेनने गिरवून काढली. आता ती स्पष्ट वाचता येते. पण आजोबांचं अक्षर गेलं ते गेलंच. एखादा शब्द नातवाने चुकीचा गिरवला असेल, तर तेही आता कळायची सोय राहिली नाही.

जुन्या हेल्मेटला नवा रंग देणं म्हणजे हेच गिरवणं. गंजक्या हेल्मेटवर कारखान्याचा रंग साठ टक्केच उरला असेल, पण उरलेला साठ टक्के खरा आहे. चकचकीत हेल्मेटवर शंभर टक्के रंग आहे आणि त्यातला एकही टक्का त्या काळाचा नाही.

नाण्यांच्या संग्राहकांचं बरं असतं. त्यांच्याकडे 1949 पासून शेल्डन यांची 1 ते 70 गुणांची पट्टी आहे. हेल्मेटांना अशी सर्वमान्य पट्टी नाही. 'उत्तम', 'अतिउत्तम', 'मिंट' ही विशेषणं ज्याची त्याची असतात, आणि विकणाऱ्याचा 'उत्तम' आणि घेणाऱ्याचा 'उत्तम' यांत बरंच अंतर असतं. म्हणून विशेषण सोडून द्यावं आणि वस्तू हातात घ्यावी.

हातात घेतल्यावर काय बघायचं

पहिल्यांदा उलटं करा. नवखा माणूस हेल्मेट बाहेरून बघत बसतो आणि जाणता आतून. बाहेरची बाजू सजवणं सोपं असतं. आतली खोटी करायची तर चामडं, धागे, खिळे, गंज, घाम, शिक्के हे सगळं एकमेकांशी जुळवत बसावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन हेल्मेट घ्या. त्याचं लायनर शेलला तीन पिनांनी धरलेलं असतं. पिनेचं डोकं बाहेर, आणि आत तिचे दोन पाय फाकवून आडवे केलेले. बाहेरच्या डोक्याभोवती भिंग धरा. पिन कधीच हलली नसेल तर डोक्याच्या कडेला रंग, मळ आणि गंज मिळून एक बारीक घट्ट कडं तयार झालेलं दिसतं. पिन एकदा जरी फिरवली असेल तर ते कडं तडकतं आणि त्यातून स्वच्छ धातू डोकावतो. आता आतले पाय बघा. एकदाच वाकवलेली पत्री आणि सरळ करून पुन्हा वाकवलेली पत्री यांत फरक दिसतो. दुसरीला वळणापाशी सुरकुती पडते, कधी चीरही. या तीन पिना शांत असल्या तर लायनर बहुधा त्याच हेल्मेटचं. एवढ्या एका गोष्टीने निम्मी शंका फिटते.

मग लायनर अलगद बाजूला करून शेलची आतली भिंत बघा. लायनरची धातूची पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून असली की तिचा ठसा भिंतीवर उमटतो. भिंतीवरून फार दिवसांनी तसबीर काढली की मागे चौकोन दिसतो, तसा. ठसा आणि पट्टी जुळत नसतील, तर कुणीतरी तसबीर बदलली आहे.

आकड्यांचाही हिशेब लागतो. जर्मन शेलच्या आत बनवणाऱ्याची अक्षरं आणि आकार ठोकलेला असतो. 'ईटी 64' म्हणजे थाले इथला कारखाना आणि शेलचा आकार 64. त्यात 56 किंवा 57 मापाच्या डोक्याचं लायनर बसतं. लायनरवर 60 असेल तर पुढचं बोलणं थांबवावं. साच्यातले बदलही तारखा सांगतात. 1935 च्या नमुन्यात हवेच्या भोकांना वेगळी धातूची वाटी बसवलेली असे. 1940 च्या नमुन्यात ते भोक शेलमध्येच दाबून काढलं. 1942 च्या नमुन्यात काठ आत वळवणंही सोडून दिलं आणि तो नुसता कापून बाहेर फाकवला. युद्ध जसजसं लांबलं तसतसं काम आटोपशीर होत गेलं. ते पोलादात वाचता येतं.

ब्रोडीच्या हेल्मेटला सर्वांत मजेशीर कसोटी लागते, ती चुंबकाची. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी शोधलेल्या, सुमारे 12 टक्के मँगनीज असलेल्या पोलादातून ही शेल दाबून काढत. हे पोलाद घणाचे घाव सोसतं, पण चुंबकाला दाद देत नाही. पहिल्या थोड्या हेल्मेटांना हे पोलाद मिळालं नव्हतं, आणि सुरुवातीच्या हेल्मेटांचा काठ उघडाच असे. पुढे काठाला साध्या पोलादाची पट्टी गुंडाळली. त्यामुळे तशा हेल्मेटवरून चुंबक फिरवला की तो मधल्या घुमटावरून घसरतो आणि काठाला टचकन चिकटतो. पहिल्यांदा हे हातून झालं तेव्हा मी पाच मिनिटं नुसतं तेवढंच करत बसलो होतो. घुमटालाही चुंबक कडकडून चिकटला, तर ते साध्या पोलादाचं असणार: कदाचित नक्कल, कदाचित नागरी संरक्षणासाठी केलेलं, क्वचित त्या पहिल्या थोड्यांपैकी. 1941 पासून निघालेलं अमेरिकी एम-वन हेल्मेटही मँगनीज पोलादाचंच, त्यामुळे ही कसोटी तिथेही लागू पडते.

चामड्याच्या पिकेलहाउबेला चुंबकाचा उपयोग नाही. तिथे भोकं मोजायची. पुढचं मोठं चिन्ह प्रशियाचं वेगळं, बव्हेरियाचं वेगळं, आणि ते अडकवायच्या भोकांमधलं अंतरही सारखं नसे. चिन्हामागे चामड्याला वापरात नसलेली जादा भोकं दिसली, तर चिन्ह बदललेलं आहे. साध्या चिन्हाच्या जागी दुर्मीळ चिन्ह लावायचा मोह जुनाच आहे.

"पण सुटे भाग जोडले तर बिघडलं काय? सगळे जुनेच आहेत ना?"

प्रश्न रास्त आहे. शेल खरं, लायनर खरं, पट्टा खरा, फक्त तीन वेगवेगळ्या हेल्मेटांमधून आलेले. अशा जोडकामाला खोटं म्हणता येत नाही. तसं सांगून विकलं तर व्यवहार सरळ आहे. तीन पुस्तकांची पानं एका पुठ्ठ्यात बांधली तर कागद खरा असतो, पण पुस्तक कुठलंच नसतं, एवढंच.

इथे एक बारीक भेद मात्र करायला हवा. सैन्याने स्वतः केलेला बदल वेगळा आणि नंतर कुणी घरात बसून केलेला वेगळा. दुसऱ्या महायुद्धात दोन कोटी वीस लाखांहून जास्त एम-वन शेल निघाली, आणि त्यांतली कित्येक पुढे कोरियात, व्हिएतनाममध्ये नवा रंग आणि नवे पट्टे लावून पुन्हा डोक्यावर चढली. नॉर्वेच्या सैन्याने युद्धानंतर जर्मन हेल्मेटं रंगवून वापरली. हा दुसरा रंगही त्या हेल्मेटच्या आयुष्याचाच भाग आहे. तो खरवडून खालचा 'मूळ' रंग काढू पाहणारे लोक दोन्ही रंग घालवून बसतात.

तो दोन कोटींचा आकडा आणखी एका गैरसमजावर उतारा आहे. जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. ढिगाने निघालेल्या हेल्मेटला अवस्था उत्तम असेल तरच मागणी असते. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या नमुन्याचा मात्र अर्धा तुकडाही लोक सांभाळून ठेवतात.

"गंज तर खोटाही चढवता येतो"

येतो, आणि चढवतातही. आम्ल, मिठाचं पाणी, काही महिने मातीत पुरणं, चामड्याला चहा-कॉफीचे हात. सगळं होतं.

पण घाईने आलेला गंज सगळीकडे एकसारखा, भगवा आणि भुसभुशीत असतो. बोट फिरवलं की बोटावर येतो. जुना गंज गडद तपकिरी, कुठे जवळपास काळा, आणि कठीण. तो सगळीकडे सारखा नसतो, कारण वापर सगळीकडे सारखा नसतो. जिन्याच्या कठड्याचा रंग हात फिरतो तिथेच झिजतो. हेल्मेट काढताना-घालताना बोटं काठाच्या ठरावीक जागी येतात, जमिनीवर ठेवताना माथा घासतो. झीज तिथे हवी. माथा कोरा करकरीत आणि कोपऱ्याकोपऱ्यांत मात्र छान गंज असेल, तर तो ब्रशने लावलेला आहे.

गंज रंगाच्या वर आहे की खाली, तेही बघावं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली धरलेला गंज रंगाला फोड आणतो. त्या फोडांवर सपाट, तुकतुकीत, अखंड डेकल बसलेलं दिसलं तर ते फोड आल्यानंतर चिकटवलेलं असणार. डेकलच्या बाबतीत सगळ्यांत जास्त सावध राहावं. शेल तेच, आणि छोट्याशा चिन्हाने किंमत उड्या मारते, म्हणून सर्वांत जास्त लबाडी तिथेच चालते. शिवाय तारखांशी पडताळा करता येतो. जर्मन सैन्याने तिरंगी ढालीचं डेकल 1940 मध्ये बंद केलं आणि उरलेलंही 1943 मध्ये. म्हणजे 1942 च्या नमुन्याच्या शेलवर ती तिरंगी ढाल दिसली, तर ती तिथे आली कशी हे विक्रेत्याने सांगावं.

अतिनील किरणांचा छोटा टॉर्चही कामाचा असतो. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घालतात ती चमकद्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. पट्ट्याचा धागा या प्रकाशात निळसर पांढरा पेटून उठला तर तो नंतरचा असू शकतो. 'असू शकतो' एवढंच म्हणायचं, कारण जुना पट्टा कुणी आजच्या डिटर्जंटने धुतला असेल तर तोही तसाच चमकतो. फुलीच्या खाचेचा स्क्रू मात्र अशी सबब ऐकत नाही. तो स्क्रू 1930 च्या दशकातला. पहिल्या महायुद्धातल्या हेल्मेटमध्ये तो असेल तर कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन आत जाऊन आलंय.

"आणि हे गोळीचं भोक?"

भोक असलं की गोष्ट येते, आणि गोष्ट आली की किंमत वाढते. कुणाचे तरी पणजोबा, कुठली तरी टेकडी, एक गोळी. असेलही, थेट गोळी अडवणं हे या हेल्मेटांचं काम नव्हतंच. पण रिकामी हेल्मेटं कुंपणावर ठेवून नेम धरणारेही पुष्कळ झाले. भोकाच्या कडा बघाव्यात. कडांचा गंज आजूबाजूच्या गंजाइतकाच जुना आहे का? भोवतीचा रंग टवका उडून गेलाय, की नीट कापल्यासारखा आहे? आणि मुख्य म्हणजे, भोकासमोर आतलं चामडं शाबूत आहे का? पोलाद फाटलं आणि चामड्याला ओरखडाही नाही, असं झालं तर ते चामडं नंतर आलेलं.

ब्रिटिश पद्धतीच्या काही हेल्मेटांच्या काठाला नीटस गोल, छोटी भोकं असतात. त्यावरही मी फार हृदयद्रावक कथा ऐकल्या आहेत. ती ड्रिलने पाडलेली आहेत. चाचणीत पुरेसं कठीण न ठरलेलं शेल आघाडीवर जाऊ नये, नागरी संरक्षणाच्या लोकांकडे जावं, म्हणून कारखान्यातच केलेली ती खूण.

"मग साफ करायचंच नाही का?"

माझं पहिलं हेल्मेट मी मोठ्या हौसेने घासलं. भांड्यांची तारेची घासणी आणि साबण. दहा मिनिटांत फेस तपकिरी झाला आणि मला वाटलं, वा, मळ निघतोय. मळाबरोबर लायनरवरचा शाईचा शिक्काही निघाला. त्यातला पहिला आकडा अजून दिसतो. पुढचे दिसत नाहीत. कारखाना कुठला आणि वर्ष कोणतं, हे त्या शिक्क्यात होतं.

तेव्हापासून मऊ ब्रशने धूळ झाडणं, एवढ्यावर मी थांबतो. गंज जिवंत असेल, म्हणजे हेल्मेट ठेवलेल्या कागदावर रोज नवी भगवी पूड पडत असेल, तर तो थांबवायला हवा. पण थांबवणं म्हणजे धातू उघडा करणं नव्हे. पोलादावर संग्रहालयात वापरतात त्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर पुरतो. असं एक मेण 1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्येच तयार झालं. हातमोजे घालावेत, कारण घामातलं मीठ बोटाच्या ठशासकट पोलादावर उमटतं आणि काही आठवड्यांनी तोच ठसा गंजाच्या रूपात वर येतो.

चामड्याला तेल चोपडू नये. हे सांगितलं की लोकांना पटत नाही, कारण चामडं कोरडं दिसलं की तेल द्यायचं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण चामड्यातली चरबी तांब्या-पितळेच्या खिळ्यांशी लागून हिरवट मेणचट राप तयार करते, आणि तो चामड्याला आतून खातो. शंभर वर्षांपूर्वीचं काही चामडं तर हात लावला की विटकरी पूड होऊन गळतं. ते पुन्हा मूळपदावर येत नाही. त्याला कमीत कमी हात लावायचा, इतकंच आपल्या हातात उरतं.

साठवणीत खरी पंचाईत ही, की चामड्याला थोडा ओलावा हवा असतो आणि लोखंडाला अजिबात नको असतो, आणि दोघं एकाच हेल्मेटमध्ये नांदतात. साधारण 45 ते 50 टक्के आर्द्रता, तीही स्थिर, हा दोघांना मान्य होणारा मध्य. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं मात्र दोघांनाही मारक.

त्याहून जुन्या हेल्मेटांचं काय?

पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या, हातोडीने घडवलेल्या शिरस्त्राणांचे नियम थोडे वेगळे. तिथे शिक्के क्वचित, पत्र्याची जाडी महत्त्वाची. घडवलेलं शिरस्त्राण कपाळापाशी जाड आणि मागे पातळ असतं, आत हातोडीचे ठसे असतात. यंत्रातून लाटलेला पत्रा सगळीकडे सारखा. पण केवळ पॅटिना, म्हणजे काळाने चढवलेली झाक, पाहून हुरळू नये. एकोणिसाव्या शतकात युरोपात मध्ययुगाचं वेड शिगेला पोचलं होतं, तेव्हा लंडनमध्ये सॅम्युएल प्रॅट नावाचा व्यापारी जुनी म्हणून नवी शिरस्त्राणं विकत होता. त्याच्या मालालाही आता पावणेदोनशे वर्षांची झाक आहे.

"युद्धातलं हे सामान जमवणं बरं दिसतं का?"

या आक्षेपाला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. काही सीमा मात्र स्पष्ट आहेत. रणभूमी उकरून काढलेल्या मालापासून दूर राहावं. फ्रान्समध्ये परवानगीशिवाय धातूशोधक यंत्र घेऊन ऐतिहासिक वस्तू शोधणं बेकायदा आहे. त्या मातीत न फुटलेले गोळे आहेत आणि न सापडलेली माणसंही. जर्मनीत नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याने बंदी आहे, अभ्यास आणि शिक्षणासारखे अपवाद सोडून. सीमेपलीकडून काही मागवण्याआधी दोन्हीकडचे नियम वाचावेत.

लायनरच्या चामड्यावर कधीकधी नाव असतं. पेन्सिलीने किंवा शाईने, घाईत लिहिलेलं, कारण रांगेत ठेवलेली हेल्मेटं सारखीच दिसत आणि आपलं ओळखू यावं म्हणून. खोटी नावंही लिहिली जातात, म्हणून इथेही भिंग हवंच. खरं नाव घामाच्या डागाखाली असतं, डाग त्याच्यावरून पसरलेला असतो. खोटं नाव डागावर लिहिलेलं असतं. माझ्याकडच्या एका लायनरवर असं एक नाव आहे, डागाखालचं. आडनावाची शेवटची दोन अक्षरं घामाने पुसली गेली आहेत. ती गिरवायची इच्छा मला एकदाही झाली नाही असं म्हणणार नाही.